तीन तासांचा दिलासा

कॅनडातल्या किंग्स्टन शहराची ओळख दोन गोष्टींसाठी आहे: जुने तुरुंग आणि क्वीन्स विद्यापीठ. ऑन्टारियो सरोवराच्या काठच्या या शहरात १९७०च्या दशकात आदोल्फो दे बोल्ड हे अर्जेंटिनाहून आलेले संशोधक उंदरांच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत बसलेले असत. त्यांच्या वाट्याला आलेला विषय असा होता की एखाद्या हितचिंतकाने हात धरून त्यांना थांबवायला हवे होते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, स्नायूंच्या पेशींमध्ये बारीक, गडद कण दिसतात. खालच्या कप्प्यांत, निलयांत, ते दिसत नाहीत. हे कण तिथे कशासाठी आहेत, एवढाच प्रश्न होता.

कण नवे नव्हते. १९५६ साली ब्रूनो किश यांनी गिनी पिगच्या अलिंदात ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. किश हे मूळचे प्रागचे, कोलोनमध्ये प्राध्यापक होते. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि अमेरिकेत जाऊन त्यांनी तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांची मोठी संघटना उभी करायला हातभार लावला. जुने तराजू आणि वजने जमवण्याचा त्यांना नाद होता, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स जेमिसन आणि जॉर्ज पलादे यांनी याच कणांचे बारकाईने वर्णन केले. पलादे यांना पुढे पेशींच्या अंतर्रचनेवरच्या कामासाठी नोबेल मिळाले. या कणांची ठेवण स्वादुपिंडासारख्या स्राव करणाऱ्या ग्रंथींतल्या कणांशी जुळत होती. तरीही हृदय काही स्रवत असेल, हे कुणी जोर देऊन म्हटले नाही. १६२८ साली विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचे गणित मांडल्यापासून हृदय म्हणजे पंप, हे डॉक्टरांच्या डोक्यात इतके घट्ट बसले होते की पंपात आणखी काही शोधायची गरज कुणाला वाटत नव्हती.

योगायोग असा की त्याच १९५६ साली हेन्री आणि पिअर्स या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा सोडून तो फुगवला होता. अलिंद ताणले गेले आणि कुत्र्यांची लघवी वाढली. कारण म्हणून त्यांनी मज्जातंतूंकडे बोट दाखवले. पाच वर्षांनी लंडनमध्ये ह्यू दे वॉर्डनर यांनी कुत्र्यांना भरपूर सलाईन देऊन पाहिले. मूत्रपिंडांवर ताबा ठेवणाऱ्या तोवर माहीत असलेल्या दोन्ही गोष्टी त्यांनी प्रयोगात बांधून ठेवल्या होत्या, तरी जास्तीचे मीठ लघवीतून बाहेर पडतच राहिले. म्हणजे तिसरे काहीतरी होते. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला नावही ‘तिसरा घटक’ असेच पडले. हे दे वॉर्डनर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत होते, आणि छावणीतल्या उपाशी कैद्यांच्या मेंदूवर जीवनसत्त्वाच्या अभावाचा काय परिणाम होतो याच्या नोंदी त्यांनी तिथे ठेवल्या. १९४७ साली त्या प्रसिद्धही झाल्या. अशा माणसाने एखादी गोष्ट आहे म्हटले की ती असणारच, असे मला तरी वाटते. पण ती कुठून येते, हे शोधायला आणखी वीस वर्षे गेली.

हा शोध कुणासाठी महत्त्वाचा होता, ते आधी सांगायला हवे. हार्ट फेल्युअर म्हटले की आपल्याकडे अनेकांना हृदय बंद पडले असे वाटते. प्रत्यक्षात ते बंद पडलेले नसते, दमलेले असते. रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद घटली की मूत्रपिंडांपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही, आणि ती शरीरात पाणीच कमी आहे असे समजून मीठ धरून ठेवतात. मिठामागे पाणी थांबते. पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचते, आडवे झाले की धाप लागते, आणि माणूस पाठीशी तीन उशा लावून रात्र काढतो. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने डिजिटॅलिसच्या पानांचा उपयोग लिहून ठेवला, तो याच सुजेवर. १९६०च्या दशकात फ्युरोसेमाइड आले, म्हणजे आपल्या घराघरांत ठाऊक असलेली लॅसिक्स, लघवीची गोळी. ती पाणी काढते, पण पाणी निघाले की शरीरातली मीठ धरून ठेवणारी यंत्रणा आणखी चवताळते. म्हणून मीठही काढेल आणि या यंत्रणेलाही शांत करेल, असे काहीतरी हवे होते.

दे बोल्ड यांनी आधी उंदरांना पाण्याविना ठेवून, मिठाचे प्रमाण बदलून अलिंदातले कण मोजले. कणांची संख्या शरीरातल्या मीठ-पाण्याबरोबर बदलते असे त्यांना दिसले. फ्रान्समधल्या एका गटालाही काही वर्षे आधी तसेच दिसले होते. मग त्यांनी जो प्रयोग केला तो इतका साधा होता की आधी कुणी कसा केला नाही, याचेच नवल वाटते. उंदराची अलिंदे वाटली, गाळली आणि तो अर्क दुसऱ्या उंदराच्या शिरेत टोचला. काही मिनिटांत उंदराची लघवी दहापट झाली आणि तिच्यातून जाणारे मीठ तीसपटींहून अधिक. रक्तदाब उतरला. निलयांचा अर्क तसाच टोचला तर असे काही होत नव्हते. टोरोंटोच्या वेरेस आणि झोनेनबर्ग यांच्यासह हा निबंध १९८१ साली ‘लाइफ सायन्सेस’ नियतकालिकात आला. दे बोल्ड यांच्या पत्नी मर्सेडीस याही संशोधक होत्या आणि पुढच्या कामात बरोबरीने सहभागी होत्या.

पुढची तीन-चार वर्षे प्रयोगशाळांमध्ये धावपळ होती. अर्कातला पदार्थ शुद्ध करायचा आणि त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम लावायचा, यासाठी कॅनडा, अमेरिका आणि जपान यांच्यात चढाओढ लागली. माणसाच्या हृदयातला पदार्थ जपानमधल्या मियाझाकी वैद्यकीय महाविद्यालयात केंजी कांगावा आणि हिसायुकी मात्सुओ यांनी १९८४ साली उलगडला: २८ अमिनो आम्लांची साखळी, मध्ये एक कडे. त्याचे नाव एएनपी. चार वर्षांनी याच गटाने डुकराच्या मेंदूतून त्याचे एक भावंड काढले, आणि मेंदूतून काढले म्हणून त्याचे नाव बीएनपी ठेवले. थोड्याच काळात कळले की बीएनपी मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतूनच येते, आणि कप्प्याची भिंत ताणली गेली की भरपूर येते. नाव मात्र मेंदूचेच राहिले. या कांगावांचा हात सोन्याचाच म्हणायचा. रक्तवाहिन्या सैलावणारे अॅड्रेनोमेड्युलिन आणि भूक लावणारे ग्रेलिन हे संप्रेरकही पुढे त्यांच्याच कामातून सापडले.

अडचणही लगेच दिसली होती. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तात हे संप्रेरक कमी असेल, मग ते बाहेरून द्यावे, जसे मधुमेहात इन्सुलिन देतात, असा सगळ्यांचा अंदाज होता. मोजले तर ते भरपूर निघाले. आजार जितका जास्त, तितके संप्रेरकही जास्त. हृदय आधीच जिवाच्या आकांताने ते सोडत होते, आणि मूत्रपिंडे त्याला दाद देत नव्हती. ज्याची रक्तात रेलचेल आहे तेच पुन्हा शिरेतून द्यायचे, या कल्पनेत काहीतरी खटकायला हवे होते. काहींना खटकलेही. पण निरोगी माणसाला एएनपी दिले की तो मीठ बाहेर टाकतो, आणि आजारी माणसाला पुरेशा मात्रेत दिले की फुप्फुसांतला दाब उतरतो, हेही डोळ्यांना दिसत होते. जपानमध्ये एएनपीचे औषध १९९५ साली बाजारात आले आणि तिथे ते रुळले. अमेरिकेत बाजी लागली बीएनपीवर.

एएनपी रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. बीएनपी जरा टिकते, वीस मिनिटांच्या आसपास. साखळी ३२ अमिनो आम्लांची. पोटात गेली की पचून जाईल, म्हणून शिरेतूनच द्यावी लागते. कॅलिफोर्नियातल्या सायोस कंपनीने ती जिवाणूंकडून बनवून घेतली आणि औषधाचे नाव ठेवले नेसिरिटाइड. बाजारातले नाव नॅट्रेकॉर. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी नाकारली आणि आणखी पुरावा मागितला. त्यातून व्हीमॅक ही चाचणी झाली. ४८९ रुग्ण, सगळे धाप लागून दवाखान्यात आलेले. कुणाला नेसिरिटाइड, कुणाला नायट्रोग्लिसरीन, कुणाला नुसते सलाईन. यश मोजायचे ते तीन तासांनी: फुप्फुसांकडचा दाब किती उतरला, आणि रुग्णाला श्वास घेताना बरे वाटते का.

दाब उतरला. नेसिरिटाइडने तो पाऱ्याच्या ५.८ मिलिमीटरने खाली आला, नायट्रोग्लिसरीनने ३.८ ने, सलाईनवाल्यांचा २ ने. श्वासाच्या बाबतीत नेसिरिटाइड सलाईनपेक्षा सरस ठरले. नायट्रोग्लिसरीनपेक्षा मात्र फारसे नाही. आणि नायट्रोग्लिसरीन हे शंभर वर्षांहून जुने, कवडीमोल औषध. तरी ऑगस्ट २००१ मध्ये नॅट्रेकॉरला मंजुरी मिळाली. तीव्र हार्ट फेल्युअरसाठी अमेरिकेत बऱ्याच वर्षांनी नवे औषध आले होते, तेही हृदयाच्या स्वतःच्या संप्रेरकाचे. डॉक्टरांना त्याचा मोह पडला, यात आश्चर्य नाही. धापा टाकणाऱ्या माणसाचा श्वास शांत होताना जो पाहतो, त्याला तीस दिवसांनंतरचे आकडे तेव्हा सुचत नाहीत. २००३ साली जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे २४० कोटी डॉलर मोजून सायोस विकत घेतली.

नंतर जे झाले ते मला या गोष्टीतले सर्वांत बोलके प्रकरण वाटते, कारण त्यात विज्ञान कमी आणि व्यवहार जास्त आहे. मंजुरी होती ती तीव्र अवस्थेत, बसल्या जागी धाप लागलेल्या रुग्णासाठी. पण जुनाट हार्ट फेल्युअरचे रुग्ण वर्षानुवर्षे येत राहतात. त्यांना दर आठवड्याला बाह्यरुग्ण विभागात बोलावून चार-सहा तास नॅट्रेकॉर चढवले तर? गाडीची वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करावी तशी ही कल्पना होती, आणि अमेरिकेत तिचे नावही त्याच धाटणीचे पडले. औषध महाग होते, एका वेळेला सुमारे ५०० डॉलर. वृद्धांच्या सरकारी विम्यातून पैसे मिळत होते. ठिकठिकाणी असे कक्ष निघाले. दर आठवड्याला औषध घेऊन रुग्ण जास्त दिवस जगतो, किंवा दवाखान्यात कमी वेळा येतो, हे सांगणारी एकही मोठी चाचणी तेव्हा हातात नव्हती.

२००५ च्या मार्च-एप्रिलमध्ये जोनाथन सॅकनर-बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागोपाठ दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यांनी नवी चाचणी केली नव्हती. औषध प्रशासनाकडे असलेली कागदपत्रे आणि आधीच्या चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले होते. पहिल्या निबंधात दिसले की नेसिरिटाइड घेतलेल्यांची मूत्रपिंडे जास्त प्रमाणात बिघडतात. दुसऱ्यात तीन चाचण्यांची बेरीज होती: नेसिरिटाइडच्या ४८५ रुग्णांपैकी तीस दिवसांत ३५ दगावले, म्हणजे ७.२ टक्के, इतर उपचारांच्या ३७७ पैकी १५, म्हणजे ४ टक्के. संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक अगदी काठावर होता. पण ज्या औषधाच्या हजारो बाटल्या खपत होत्या, त्याच्याबद्दल हा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारलाच नव्हता, ही बाब आकड्यांपेक्षा जास्त झोंबणारी होती. त्याच जुलैत क्लीव्हलँडच्या एरिक टोपोल यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये परखड लेख लिहून औषधाची उपयुक्तता सिद्धच झालेली नाही असे ठणकावले.

कंपनीने हार्वर्डचे युजीन ब्राउनवाल्ड यांना बोलावून तज्ज्ञांची समिती नेमली. ब्राउनवाल्ड म्हणजे या क्षेत्रातले पितामह. त्यांच्या नावाचा ग्रंथ आपल्याकडचे एमडीचे विद्यार्थीही उशाशी ठेवतात. समितीने औषध बंद करा म्हटले नाही. ते दवाखान्यात दाखल झालेल्या, विश्रांतीतही धाप लागणाऱ्या रुग्णांनाच द्या, साप्ताहिक सलाईनसाठी वापरू नका, आणि खरे काय ते कळण्यासाठी एक मोठी चाचणी करा, असे तिचे म्हणणे पडले. विक्री झपाट्याने खाली आली. २००६ साली सरकारी विम्याने जुनाट हार्ट फेल्युअरसाठी नेसिरिटाइडचे पैसे देणे बंद केले. २००८ मध्ये साप्ताहिक सलाईनच्या कल्पनेची नीट परीक्षा झाली, फ्यूजन-२ या चाचणीत. नऊशेवर रुग्ण, बारा आठवडे. मृत्यू किंवा हृदय-मूत्रपिंडांच्या कारणाने पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण औषधवाल्यांत ३६.७ टक्के, नुसत्या सलाईनवाल्यांत ३६.८. इतके सारखे निकाल फार क्वचित येतात.

मोठी चाचणी म्हणजे असेन्ड-एचएफ. २००७ ते २०१० या काळात जगभरातले ७,१४१ रुग्ण तिच्यात घेतले गेले आणि २०११ साली निष्कर्ष छापून आले. तीस दिवसांतले मृत्यू: नेसिरिटाइडच्या गटात ३.६ टक्के, दुसऱ्या गटात ४ टक्के. फरक नाही. मूत्रपिंडांचा बिघाड: ३१.४ आणि २९.५ टक्के. तोही फरक नाही. रक्तदाब घसरणे मात्र २६.६ टक्के विरुद्ध १५.३. आणि श्वास? सहा तासांनी बराच आराम वाटतो असे म्हणणारे ४४.५ टक्के, दुसऱ्या बाजूला ४२.१.

या निकालात गंमत अशी की दोन्ही पक्ष हरले. औषध माणसे मारते असे म्हणणारे चुकले होते, आणि औषध माणसे तारते असे मानणारेही. ज्या एका गोष्टीवर मंजुरी मिळाली होती, तीन तासांचा तो दिलासा, तीच हजारो रुग्णांच्या गर्दीत विरघळून गेली. दहा वर्षे, अब्जावधी डॉलर, आणि हाती काय आले, तर रक्तदाब उतरवणारे एक महाग औषध. त्याच २०११ साली सायोसने साप्ताहिक सलाईनसाठी बेकायदा प्रचार केल्याचा गुन्हा कबूल केला आणि साडेआठ कोटी डॉलरचा दंड भरला. दोन वर्षांनी जॉन्सन अँड जॉन्सनने सरकारशी केलेल्या मोठ्या तडजोडीत नॅट्रेकॉरपोटी आणखी १८ कोटी ४० लाख डॉलर होते.

असेन्डच्या वाटेने आणखी दोन पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, गेली. मूत्रात सापडलेल्या एएनपीच्या भावंडापासून केलेले युलारिटाइड २०१७ मध्ये २,१५७ रुग्णांच्या चाचणीत पडले. गिनी पिगच्या गरोदरपणातून १९२६ साली ओळखीचे झालेले रिलॅक्सिन, सेरेलॅक्सिन या नावाने, २०१३ मध्ये १,१६१ रुग्णांत मृत्यू कमी करताना दिसले. त्यावर आशा ठेवून ६,५०० रुग्णांची चाचणी केली, तर तो फायदा नाहीसा झाला. आजार वर्षानुवर्षांचा आणि औषध दोन दिवसांचे, हे गणित कुठेच जमले नाही.

बीएनपी औषध म्हणून पडत होते त्याच वर्षांत तपासणी म्हणून मात्र ते जिंकले. रात्री धाप लागलेला माणूस आणला की डॉक्टरांपुढे पहिला पेच असतो: हा दमा, की हृदय? २००२ साली सॅन डिएगोच्या अॅलन मायझेल यांच्या गटाने १,५८६ रुग्णांवर दाखवले की रक्तातले बीएनपी एका मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या वर असेल तर हृदयाकडे बोट दाखवायला ते पुरेसे भरवशाचे आहे, आणि खाली असेल तर हृदय बहुधा निर्दोष. किटने ही तपासणी रुग्णाच्या खाटेपाशीच पंधरा-वीस मिनिटांत होऊ लागली. हृदयाची जी आरोळी मूत्रपिंडांना ऐकू जात नव्हती, ती डॉक्टरांना ऐकू आली.

उपचाराचा रस्ता मात्र उलट्या दिशेने सापडला, आणि त्यासाठी ब्राझीलला जावे लागते. तिथे जराराका नावाचा विषारी साप आहे. १९४९ साली मॉरिसियो रोशा ए सिल्वा यांच्या गटाला या विषामुळे रक्तात तयार होणारे ब्रॅडिकायनिन सापडले, आणि १९६५ साली सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकायनिनला टिकवून ठेवणारी पेप्टाइडे सापडली. ती घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्याकडे गेले. पुढे अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंदेत्ती यांनी त्या पेप्टाइडचा आधार घेऊन, पोटात पचून न जाणारा छोटा रेणू घडवला. ते कॅप्टोप्रिल. १९८१ साली, म्हणजे दे बोल्ड यांचा निबंध आला त्याच वर्षी, अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याच्या वंशातले एनालाप्रिल १९८७ साली स्कॅन्डिनेव्हियातल्या २५३ अतिशय आजारी रुग्णांना दिले, तर सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. हार्ट फेल्युअरचे नशीब पालटले ते इथे. सापाचे पेप्टाइड स्वतः औषध झाले नाही. त्याची नक्कल झाली.

हृदयाच्या पेप्टाइडाबाबतही कुणीतरी असाच आडवळणाने विचार केला. ते रक्तात टिकत का नाही? कारण नेप्रिलायसिन नावाचे विकर त्याचे तुकडे करते. मग बाहेरून ओतण्यापेक्षा विकरालाच आवरले तर? या विकराला अडवणारे एक औषध आपल्याकडे लहान मुलांच्या जुलाबावर पूर्वीपासून मिळते: रेसकॅडोट्रिल, रेडोटिल नावाच्या पुड्यांतले. ते बहुतेक आतड्यापुरतेच काम करते. हृदयासाठी नुसते नेप्रिलायसिन अडवून पाहिले, पण जमले नाही, कारण हेच विकर रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिनही मोडत असते. ते मोकाट सुटले. म्हणून स्क्विबच्याच वारसदार कंपनीने नेप्रिलायसिन आणि कॅप्टोप्रिल ज्याला अडवते ते विकर, या दोन्हींना एकदम अडवणारे ओमापॅट्रिलॅट आणले. रक्तदाबाच्या २५,३०२ रुग्णांच्या चाचणीत त्याची परीक्षा झाली. रक्तदाब छान उतरला, पण २.१७ टक्के रुग्णांचे ओठ, जीभ, घसा सुजला; एनालाप्रिलवाल्यांत हे प्रमाण ०.६८ होते. साचलेले ब्रॅडिकायनिन हे त्याचे कारण, तेच सापाच्या गोष्टीतले. घसा सुजून श्वास बंद होऊ शकतो. २००२ साली ते औषध तिथेच संपले.

तोडगा शेवटी निघाला तो असा की नेप्रिलायसिन अडवायचे, पण सोबत एनालाप्रिलच्या जातीचे काही द्यायचे नाही. अँजिओटेन्सिनला त्याच्या जागेवर बसू न देणारे व्हल्सार्टन द्यायचे. सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन यांच्या जोडगोळीची पॅराडाइम-एचएफ चाचणी ग्लासगोचे जॉन मॅकमरे आणि अमेरिकेतले मिल्टन पॅकर यांनी चालवली. ८,३९९ रुग्ण, जुनाट हार्ट फेल्युअरचे, आणि मुकाबला सलाईनशी नाही तर एनालाप्रिलशी. मध्यक कालावधी सत्तावीस महिने. फायदा इतका स्पष्ट झाला की चाचणी मार्च २०१४ मध्ये वेळेआधी थांबवली, आणि ऑगस्टअखेर बार्सिलोनात निकाल जाहीर झाले. हृदयाच्या कारणाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने दाखल होण्याचे प्रमाण २६.५ वरून २१.८ टक्के, एकूण मृत्यू १९.८ वरून १७. या वेळी तीन तासांनी काय वाटते हे विचारलेच नव्हते.

भारतात ही गोळी आली तेव्हा महिन्याचा खर्च मध्यमवर्गीयालाही परवडत नसे. जानेवारी २०२३ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली, अनेक देशी कंपन्यांनी तीच गोळी आपापल्या नावाने काढली, आणि किंमत बरीच खाली आली. लहान शहरांतले फिजिशियनही आता ती लिहितात. सोबत दोन सूचना असतात. रुग्ण आधी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेत असेल तर ते बंद करून ३६ तास थांबायचे, मगच नवी गोळी सुरू करायची. ओमापॅट्रिलॅटच्या सुजलेल्या घशांतून शिकलेला हा नियम आहे. आणि रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर बीएनपी लिहायचे नाही, एनटी-प्रोबीएनपी लिहायचे, कारण या गोळीने बीएनपी मोडले जात नाही, रक्तात ते वाढलेलेच दिसते, आणि बरा होत असलेला रुग्ण कागदावर आजारी वाटतो.